गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी

‘गिअर पडत नाही’ अशी तक्रार घेऊन गाडी गॅरेजमध्ये येते, तेव्हा दोष गिअरबॉक्समध्ये असेलच असे नाही. कधी क्लचची केबल ताणली गेलेली असते. कधी क्लचच्या मास्टर सिलिंडरमधले तेल उतरलेले असते, कधी गिअरच्या दांड्याखालचे प्लास्टिकचे बुश झिजलेले असते, तर कधी गिअरबॉक्सला तोलून धरणारे रबरी माउंटिंग फाटलेले असते. हे सगळे दोष पेटी न उघडता दुरुस्त होतात. तरीही घाईघाईने गिअरबॉक्स खाली उतरतो, उघडला जातो, दोन बेअरिंगे आणि एक सील बदलून पुन्हा चढतो, मालक मोठे बिल भरतो आणि थोड्याच दिवसांत गिअर पुन्हा अडू लागतो. गिअरबॉक्स दुरुस्त करण्याचे निम्मे कौशल्य पाना हातात घेण्याआधीच वापरावे लागते, असे माझे ठाम मत आहे. या पुस्तकाची मांडणी त्याच मतावर उभी आहे, म्हणून पुस्तकात शिरण्याआधी ते मत नीट समजावून सांगतो.

त्यासाठी ही पेटी गाडीत कशासाठी असते, तिथून सुरुवात करावी लागेल. मोटारीचे इंजिन स्थिर उभे राहून जोर लावू शकत नाही. मिनिटाला सातशे-आठशे फेऱ्यांच्या बरेच खाली गेले की ते धडधडते आणि बंद पडते. त्याची खरी ताकद दीड-दोन हजार फेऱ्यांच्या पुढे मिळू लागते. चाकाला मात्र शून्यापासून सुरुवात करायची असते. छोट्या गाडीत पहिल्या गिअरचे गुणोत्तर साधारण ३.५ ला १ असते आणि त्यापुढे डिफरन्शियलचे साधारण ४ ला १. म्हणजे इंजिनाच्या जवळपास १४ फेऱ्यांत चाक एकदा फिरते, आणि घर्षणात जाईल तेवढा भाग सोडला तर इंजिनाचा टॉर्क १४ पट होऊन चाकापर्यंत पोहोचतो. पाच माणसे आणि डिकीभर सामान घेतलेली गाडी आंबोलीच्या चढावर थांबून पुन्हा उचलते, ती या १४ पटीच्या जोरावर. पाचव्या गिअरमध्ये तेच इंजिन तीन-साडेतीन फेऱ्यांत चाक एकदा फिरवते. तिथे जोर कमी लागतो आणि वेग हवा असतो. हा सगळा भार एका वेळी एकमेकांना टेकलेल्या मोजक्याच दातांवर येतो. त्या दातांमध्ये असतो तो मायक्रॉनमध्ये मोजावा इतका पातळ तेलाचा थर. तो थर जिथे तुटतो तिथे पोलाद पोलादावर घासू लागते. गिअरबॉक्सच्या आजारांची बरीच मुळे या एका वाक्यात सापडतात.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्याने आजची रचना समजायला मदत होते. फ्रान्समध्ये एमिल लव्हासोर यांनी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला पानार-लव्हासोरच्या गाड्यांत सरकत्या दातेरी चाकांचा गिअरबॉक्स बसवला. इंजिन पुढे, त्यामागे क्लच, मग गिअरबॉक्स आणि जोर मागच्या चाकांना, ही मांडणी तिथून जगभर पसरली. फिरती चाके एकमेकांत ढकलायची असल्यामुळे दोन्हींचा वेग जुळला नाही की दात करकरत. म्हणून चालकाला क्लच दाबून न्यूट्रलमध्ये यावे लागे, क्लच सोडून ॲक्सिलरेटरने वेग जुळवावा लागे आणि पुन्हा क्लच दाबून पुढचा गिअर घ्यावा लागे. आपल्याकडे एसटीच्या आणि ट्रकच्या जुन्या चालकांनी हा ‘डबल क्लच’ वर्षानुवर्षे मारला आहे. गाडीचा आवाज ऐकून वेग जुळवणारी ती माणसे फार वरच्या दर्जाची होती, आणि त्यांच्या हातून गिअरबॉक्स सहसा खराब होत नसे. अमेरिकेत अर्ल थॉम्प्सन यांनी वेग जुळवण्याचे हे काम यंत्राकडेच सोपवले. त्यांचा सिंक्रोमेश १९२८ साली कॅडिलॅकमध्ये आला. हळूहळू तो सर्व गाड्यांत पसरला, तरी पद्मिनी-अँबेसेडरच्या पिढीतल्या बऱ्याच गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसे. म्हणून आजही काही वडीलधारी माणसे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला गिअर टाकत नाहीत. ती सवय वाईट नाही.

सिंक्रोमेशचे काम कसे चालते, हे प्रत्येक मालकाने एकदा तरी समजून घ्यावे. आजच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये पुढे जायच्या सगळ्या गिअरचे दात कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. आपण दांडा हलवतो तेव्हा दातेरी चाक सरकत नाही. सरकते ती एक स्लीव्ह. ही स्लीव्ह गिअरला शाफ्टशी जखडते. त्याआधी एक पितळी रिंग गिअरच्या शंकूसारख्या भागावर दाबली जाते, घर्षणाने दोघांचा वेग सारखा करते आणि मगच स्लीव्हला पुढे जाऊ देते. हे सगळे क्षणार्धात होते. पण तो क्षण रिंगेला मिळाला पाहिजे. दांडा हिसका देऊन मारणारा चालक तो क्षणच नाकारतो, आणि दर वेळी पितळेचा एक बारीक थर तेलात उतरतो. रिव्हर्स गिअरची गोष्ट वेगळी. बऱ्याच गाड्यांत त्याचे दात सरळ असतात आणि त्याला सिंक्रोमेश नसतो. मागे घेताना गाडी ‘घूं’ आवाज करते तो या सरळ दातांचा, त्यात बिघाड काही नाही. रिव्हर्स टाकताना खर्र झाले तर गाडी पूर्ण थांबवावी, क्लच दाबलेलाच ठेवून एकदा पहिला गिअर टाकावा आणि मग रिव्हर्स टाकावा; आतला शाफ्ट थांबतो आणि गिअर मुकाट्याने पडतो.

आता तपासणीकडे येतो. पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण याच विषयाला दिले आहे. गिअरबॉक्स अचानक मरत नाही. बिघडण्याच्या कितीतरी आधीपासून तो आवाजातून, दांड्याच्या थरथरीतून, वासातून, जमिनीवरच्या तेलाच्या डागातून सांगत असतो. ऐकणारा कान बहुधा मालकाचा असतो, कारण मेकॅनिकला गाडी वर्षातून दोनदा भेटते आणि मालकाला रोज. म्हणून गॅरेजमध्ये जाऊन ‘आवाज येतो’ एवढेच सांगणे पुरेसे नाही. आवाज कधी येतो, कशाने थांबतो, कोणत्या गिअरमध्ये येतो, गाडी थंड असताना की तापल्यावर, हे सांगता आले की अर्धे निदान तिथेच झाले.

काही कसोट्या घरच्या घरी करता येतात. सपाट जागी हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू ठेवा आणि क्लचवरचा पाय काढा. गुरगुर ऐकू आली आणि पेडल दाबल्यावर थांबली, तर संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर जातो, कारण पेडल दाबले की तो शाफ्ट फिरायचा थांबतो. उलट पाय वर असताना शांतता आणि पेडल दाबताच किरकिर, तर रिलीज बेअरिंग संपत आले आहे. आता इंजिन बंद करा आणि एकेक गिअर टाकून पाहा. बंद इंजिनावर सगळे गिअर सहज पडतात आणि सुरू केल्यावर अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही. गिअरबॉक्सला हात लावायचे कारण नाही. बंद असतानाही अडत असतील तर केबल, दांड्याची जोडणी आणि सर्वांत शेवटी स्लीव्ह सरकवणारा आतला फोर्क, या क्रमाने पाहावे. चालत्या गाडीत फक्त दुसऱ्यात जाताना, विशेषतः सकाळी गाडी थंड असताना, खर्र होत असेल तर दुसऱ्याची पितळी रिंग झिजली आहे. दुसऱ्याच गिअरचे नाव पुन्हा पुन्हा निघते, कारण शहरात आपण सर्वाधिक वेळा तिसऱ्यातून दुसऱ्यात येतो. एकाच गिअरमध्ये आवाज येत असेल तर दोष त्या जोडीत आहे. सगळ्या गिअरमध्ये येत असेल आणि न्यूट्रलमध्ये गाडी घरंगळतानाही राहत असेल, तर तो पुढचा, डिफरन्शियलचा किंवा चाकाच्या बेअरिंगचा आहे. वळण घेताना आवाज बदलला तर चाकाकडे आधी पाहावे. पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगवर टक्-टक् ऐकू आले तर ते ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या सांध्याचे काम. त्याचे रबरी बूट फाटून ग्रीस उडून गेलेले असते आणि त्या जागी माती शिरलेली असते. फाटलेले बूट वेळेवर दिसले तर फार थोड्या खर्चात भागते, आणि न दिसले तर पूर्ण सांधा बदलावा लागतो.

क्लच घसरतो आहे का, हे पाहण्याची कसोटीही सोपी आहे. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये मध्यम वेगात असताना ॲक्सिलरेटर एकदम दाबा. इंजिनाचे फेरे वाढले आणि गाडीचा वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच प्लेट संपली आहे. तिच्याबरोबर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही बदलावे, अशी माझी शिफारस आहे. तिन्ही वस्तूंसाठी गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकच आहे. शंभर-दोनशे रुपये वाचवण्यासाठी जुने बेअरिंग ठेवून तेच काम पुन्हा करण्यात काहीही शहाणपण नाही. पेटी खाली असतानाच क्रँकशाफ्टचे मागचे सील गळते का आणि फ्लायव्हीलवर निळे जळके डाग पडले आहेत का, तेही पाहून घ्यावे.

आता तेलाबद्दल. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्या देशात गिअरबॉक्सचे सर्वाधिक नुकसान तेलाच्या हेळसांडीने होते, अशी माझी खात्री आहे. इंजिन ऑइल दर सर्व्हिसला बदलले जाते, कारण ते बिलात दिसते. गिअर ऑइलकडे कोणी पाहत नाही. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये ते असते साधारण २ लिटर, आणि बदलायचे ४०-५० हजार किलोमीटरवर एकदा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. एवढ्यासाठी दुर्लक्ष करण्याचे कारण नाही. पण बदलताना दोन गोष्टी काटेकोरपणे पाळाव्यात. पहिली ग्रेडची. बाटलीवर ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९० असा आकडा असतो, तो दाटपणाचा. त्याशेजारी जीएल-४ किंवा जीएल-५ असते, आणि त्याकडे बरेच लोक काणाडोळा करतात. जीएल-५ तेलात प्रचंड दाब सोसण्यासाठी गंधक आणि फॉस्फरसची संयुगे जास्त घातलेली असतात. ती डिफरन्शियलच्या क्राऊन-पिनियनसाठी उत्तम. पण तीच संयुगे पितळी सिंक्रो रिंगांना खाऊ शकतात. ‘५ मोठे, म्हणजे जास्त चांगले’ असे समजून जीएल-४ सांगितलेल्या पेटीत जीएल-५ ओतू नये. मागाल त्या ग्रेडचे तेल दुकानात नसेल तर दुसऱ्या दुकानात जावे.

दुसरी गोष्ट क्रमाची. तेल काढण्याचा बोल्ट उघडण्याआधी तेल भरण्याचा बोल्ट उघडतो का, ते पाहावे. वर्षानुवर्षे न हललेला भरण्याचा बोल्ट गंजून घट्ट बसलेला असतो. खालचे सगळे तेल वाहून गेल्यावर तो हलला नाही, तर गाडी जागेवरच अडकते. बहुतेक मॅन्युअल पेट्यांत तेलाची पातळी भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असावी लागते, आणि ती मोजताना गाडी सपाट उभी असावी. काढण्याच्या बोल्टावर बहुधा चुंबक असते. त्यावर काळसर, मलमासारखा बारीक थर असला तर काळजी नाही. ती रोजची झीज आहे. बोटांना टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा सापडला तर पेटी उघडायलाच हवी. तेलात सोनेरी चमक दिसली तर पितळी रिंग झिजते आहे. तेल दुधाळ, चहासारखे दिसले तर आत पाणी गेले आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा पुरातून निघालेल्या गाडीचे इंजिन लोक तपासतात. गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला हवा आत-बाहेर जाण्यासाठी ब्रीदर असतो आणि त्यातूनही पाणी शिरते, हे लक्षात राहत नाही. गाडी चाकाच्या मध्यापेक्षा वर पाण्यात उभी राहिली असेल तर गिअर ऑइल बदलल्याशिवाय ती लांब चालवू नये. ब्रीदर चिखलाने बंद झाला तर उलटा प्रकार होतो: तापलेली हवा बाहेर पडू शकत नाही आणि तेल सीलमधून बाहेर ढकलले जाते. मग सील बदलून गळती थांबत नाही आणि दोष सीलच्या कंपनीवर जातो. कोकणातल्या लाल मातीच्या रस्त्यांवर रोज चालणाऱ्या गाड्यांच्या मालकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक सूचना. झिजलेल्या बेअरिंगांचा आवाज खूप जाड तेल भरून काही काळ दाबता येतो. म्हणून गाडी सकाळी थंड असताना पाहावी, आणि नंतर तासभर चालवून तेल पुरते पातळ झाल्यावर पुन्हा ऐकावी.

चालवण्याच्या सवयींवर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, त्यामुळे इथे थोडेच. गिअरच्या दांड्यावर हात ठेवून गाडी चालवू नये. त्या हाताचा भार आतल्या फोर्कवर सतत पडतो आणि तो झिजतो. क्लचवर पाय ठेवू नये. सिग्नल मोठा असेल तर न्यूट्रल करून पाय काढावा. चढावर गाडी हाफ क्लचवर धरून ठेवू नये, हँडब्रेक त्यासाठीच आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, असे जुने चालक सांगत. ते आजही खरे आहे. पेट्रोल वाचवण्यासाठी कसारा-खंडाळ्यात न्यूट्रलमध्ये गाडी सोडणाऱ्यांना सांगायला हवे की इंजेक्शनच्या गाडीत, गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारे इंधन जवळपास बंद होते; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू ठेवण्यापुरते ते जळतच राहते. म्हणजे वाचत काही नाही, आणि ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका विकत घेतला जातो.

ऑटोमॅटिक गाड्यांनी गेल्या काही वर्षांत चित्र पालटले आहे, आणि या पुस्तकाची गरज मला सर्वाधिक जाणवली ती त्यांच्यामुळे. ‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली निदान चार वेगळी यंत्रे विकली जातात, आणि त्यांची निगा एकमेकांपासून पूर्ण वेगळी आहे. १९३९ साली जनरल मोटर्सने हायड्रा-मॅटिक आणला, तेव्हापासून चालत आलेल्या घराण्यात आजचे टॉर्क कन्व्हर्टरचे गिअरबॉक्स येतात. यात तेल हेच जोर वाहून नेणारे माध्यम असते. ते वंगण घालते, थंड ठेवते आणि व्हॉल्व्ह बॉडीतून दाब देऊन गिअरही बदलते. ताजे असताना ते बहुधा लाल असते. काळपट झाले आणि त्याला जळका वास आला तर आतल्या क्लचची आवरणे जळू लागली आहेत. बोल्ट उघडून तेल सोडले तर एका वेळी जवळपास निम्मेच बाहेर येते, उरलेले कन्व्हर्टरमध्ये राहते. म्हणून थोड्या थोड्या अंतराने दोन-तीनदा बदलावे आणि शक्य तिथे गाळणीही बदलावी. दाब देणाऱ्या यंत्राने सगळे तेल एकदम ढकलून काढण्यापेक्षा हा मार्ग मला सुरक्षित वाटतो, विशेषतः लाखभर किलोमीटर दुर्लक्षित राहिलेल्या पेटीत.

‘लाइफटाइम ऑइल, बदलायची गरज नाही’ हे वाक्य शोरूममध्ये हमखास ऐकू येते. ते मान्य करू नये. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक असलेली जर्मनीची झेडएफ स्वतःच्या पेट्यांसाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षांनी तेल बदलायला सांगते. पेटी बनवणाराच तसे सांगत असेल तर विक्रेत्याच्या शब्दावर विसंबण्याचे कारण उरत नाही.

भारतात सर्वसामान्यांच्या हाती ऑटोमॅटिक आणली ती एएमटीने. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ त्या रूपात आली आणि मग रांग लागली. एएमटी म्हणजे आतून नेहमीचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि नेहमीचाच कोरडा क्लच. क्लच दाबायचे आणि दांडा हलवायचे काम एक यंत्रणा करते, एवढाच फरक. पेडल नाही म्हणून क्लच नाही, असा समज करून चढावर ॲक्सिलरेटरने गाडी धरून ठेवली की प्लेट जळते, आणि चालकाला ते कळतही नाही. एएमटीची ही यंत्रणा तेलाच्या दाबावर चालणारी असेल तर तिची छोटी टाकी वेगळी असते आणि त्यातले तेलही वेगळे. क्लच बदलल्यावर संगणक जोडून त्या यंत्रणेला नव्या प्लेटचा पकड-बिंदू शिकवावा लागतो. हे न करता गाडी दिली की ती धक्के देते, आणि बऱ्याच गॅरेजांत मग गिअरबॉक्सच्या नावाने खापर फुटते.

सीव्हीटीत गिअरच नसतात. दोन पुल्यांमध्ये पोलादी पट्टा असतो आणि पुल्यांची रुंदी बदलत राहते. हॉलंडच्या डाफने १९५८ साली रबरी पट्ट्यावर हीच कल्पना गाडीत आणली होती. या पेटीत पट्टा आणि पुली यांच्यातली पकड तेलावर अवलंबून असते, म्हणून सीव्हीटीसाठी सांगितलेले तेलच वापरावे. टॉर्क कन्व्हर्टरचे लाल तेल त्यात ओतले तर पट्टा घसरून पेटी संपते. ड्युअल क्लच, जो २००३ साली फोक्सवॅगनने गोल्फ गाडीत आणला, त्याला दोन क्लच असतात: एक विषम गिअरना, एक सम गिअरना. त्याच्या कोरड्या क्लचच्या प्रकाराला मुंबई-पुण्याची इंचाइंचाने सरकणारी रहदारी फार जड जाते. पुढच्या गाडीमागे सरपटत राहण्यापेक्षा थोडे अंतर पडू द्यावे आणि मग एकदाच पुढे जावे, एवढ्यानेही त्याचे आयुष्य वाढते. विजेवरच्या गाडीत गिअर बदलावे लागत नाहीत, पण मोटरचा वेग उतरवणारी दातेरी चाके, बेअरिंगे, सील आणि तेल तिथेही आहेत. तेव्हा हा विषय पेट्रोलबरोबर संपणारा नाही.

ऑटोमॅटिक गाडी बंद पडली तर तिची ओढणारी चाके जमिनीवर ठेवून ती ओढून नेऊ नये. आतला तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरली की कोरडी बेअरिंगे काही किलोमीटरांत जळतात. फ्लॅटबेड मागवावा, तो महाग पडला तरी. उतारावर उभी करताना आधी फूटब्रेक, मग न्यूट्रल, हँडब्रेक ओढून फूटब्रेक सोडावा, आणि शेवटी ‘पी’. नाहीतर गाडीचे सगळे वजन आतल्या एका छोट्या खुंटीवर लटकते.

एवढे करूनही पेटी उघडायची वेळ येते, आणि तेव्हा ती धीराने उघडावी. काढलेला प्रत्येक भाग स्वच्छ कापडावर त्याच क्रमाने मांडून ठेवावा, कोणती बाजू पुढे होती त्याची खूण करावी, फोटो काढावेत. पितळी रिंग डोळ्यांनी पाहून पास करू नये. ती गिअरच्या शंकूवर दाबून बसवावी आणि रिंग व गिअरच्या दातांमधली फट फीलर गेजने मोजावी. नव्या रिंगेत ती साधारण १ मिलिमीटरच्या आसपास असते, अर्ध्या मिलिमीटरवर आली की रिंग बदलावी. त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो खरा. एकदा निघालेले सील आणि सर्क्लिप पुन्हा वापरू नयेत. पेटी परत चढवताना तिचे वजन क्लच प्लेटवर लटकू देऊ नये. प्लेट वाकते आणि मग क्लच कधीच पूर्ण सुटत नाही. जॅकने पेटी सरळ रेषेत धरावी, हाताने पूर्ण टेकवावी आणि त्यानंतरच बोल्ट आवळावेत. बोल्टांच्या जोरावर पेटी ओढून बसवणारा मेकॅनिक कितीही नावाजलेला असो, त्याच्याकडे गाडी देऊ नये. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. स्टँड नसेल तर त्या दिवशी काम होणार नाही, इतके कडक राहावे.

‘गिअरबॉक्स दुरुस्त होत नाही, पूर्ण असेंब्ली बदला’ असे सांगण्याची पद्धत आता वाढते आहे. काही वेळा ते योग्यही असते: पेटीचे कवच फुटले असेल, किंवा आतले भाग सुटे मिळतच नसतील तेव्हा. पण सरसकट ते खरे नाही. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात पद्मिनी बनणे या शतकाच्या सुरुवातीलाच थांबले. तरी मुंबईच्या रस्त्यांवर काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली, आणि थांबली तीही २० वर्षांच्या मर्यादेमुळे. कारखाना गेल्यावर वीसेक वर्षे त्या गाड्यांचे गिअरबॉक्स जिवंत ठेवले ते छोट्या गॅरेजांनी, जुन्या भागांच्या बाजारांनी आणि लेथवर बुश कातून देणाऱ्या कारागिरांनी. दातेरी चाके बनवण्याची विद्याही आपल्याला परकी नाही. मुंब्र्याला भारत गिअर्सचा कारखाना कित्येक दशके हेच करतो आहे. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात हिंडले की दुरुस्तीची ही परंपरा अजून शाबूत आहे हे दिसते. तिला आज कमी पडते ती लेखी माहिती. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा २ वर्षांचा अभ्यासक्रम करून बाहेर पडलेल्या मुलाला एएमटीची गाडी पहिल्यांदा समोर येते, तेव्हा मराठीत हाताशी धरावे असे पुस्तक त्याला सापडत नाही. उस्तादाकडे जे ज्ञान आहे ते त्याच्या हातात आहे, कागदावर नाही. आणि उस्ताद निवृत्त झाला की ते गावी जाते.

म्हणून हे पुस्तक दोघांसाठी लिहिले आहे: स्वतः पाना न धरणाऱ्या मालकासाठी आणि पाना धरायला नुकत्याच शिकलेल्या मेकॅनिकसाठी. मालकाने पहिली तीन प्रकरणे वाचली तरी चालेल. त्याला गॅरेजमध्ये नेमके काय सांगायचे आणि काय विचारायचे ते कळेल. मेकॅनिकने मात्र क्रम सोडू नये. तपासणीचे प्रकरण ओलांडून थेट पेटी उघडण्याच्या प्रकरणावर जाण्याचा मोह होईल, तो आवरावा. पुस्तकातले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर पुस्तिकेचा प्रमाण मानावा.

वाचायला सुरुवात करण्याआधी एक काम करा. गाडीच्या कप्प्यातली ती पुस्तिका बाहेर काढा, गिअर ऑइलची ग्रेड, किती लिटर आणि किती किलोमीटरवर बदलायचे ते शोधा, आणि मागे कधी बदलले होते ते बिलांच्या फायलीत पाहा. नोंद सापडली नाही तर ते बदललेले नाही असे समजा आणि याच महिन्यात बदलून घ्या.